घर ओढायचा दिवस

ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यातल्या, वादळात कोंबड्यांचं खुराडं समुद्रात गेलं. कोंबड्यांसकट गेलं. सकाळी मी दाणे घेऊन मागच्या दाराने बाहेर आले, तर खुराड्याच्या जागी काहीच नव्हतं. खाली दरडीच्या पायथ्याशी राखाडी पाण्यात एक फळी आपटत होती. ओनोफ्रे उठून आला आणि काठीने मोजायला लागला. मागच्या हिवाळ्यात भिंतीपासून दरडीपर्यंत अकरा काठ्या भरल्या होत्या. आता तीन भरल्या, चौथी अर्धी हवेत राहिली.

"किती?" मी विचारलं.

"आहे अजून."

"आहे ते मलाही दिसतंय. किती आहे?"

"एक हिवाळा," तो म्हणाला. काठी भिंतीला टेकवली आणि कामावर गेला.

काम म्हणजे माशांचे पिंजरे. समोरच्या खाडीत कंपनीने जाळ्यांचे मोठे गोल पिंजरे सोडलेत, त्यात साल्मन वाढवतात. ओनोफ्रे तिथे बारा वर्षं मुकादम. मुकादम झाला त्याच साली त्याने बैलांची जोडी विकली. वेळ कुठे आहे आता, म्हणाला. बेटावरच्या बायका तेव्हापासून मला दुकानात आधी पुढे जाऊ द्यायच्या. मला ते आवडायचं नाही असं नाही. पण पुढे गेल्यावर मागे बोलणं थांबायचं, हेही मला कळायचं.

त्याच आठवड्यात उर्रेहोला नावाचा कंपनीचा इंजिनियर लाँच घेऊन आला. उत्तरेकडचा माणूस, कोवळा, दाढी नीट कापलेली. स्वयंपाकघरात बसला पण जाकीट काढलं नाही. मी माते नावाच्या कडू चहाचा पेला पुढे केला तर म्हणाला, "नको वहिनी, पोट बरं नाही." एकाच नळीने सगळ्यांनी प्यायचं, त्याची त्याला किळस वाटत होती. मी पेला ओनोफ्रेला दिला.

"घर छान ठेवलंय," इंजिनियर म्हणाला. छताकडे बघत होता. "लाकूड कुठलं?"

"अलेर्से," ओनोफ्रे म्हणाला. "माझ्या आज्याने मुख्य भूमीवरून आणलं. आता तसं झाड मिळत नाही."

"म्हणूनच. कंपनीला हे हवंय, ओनोफ्रेदादा. खाली कचेरी, वर गोदाम. दरडीला आम्ही दगडांचा बांध घालतो, समुद्र एक इंच पुढे येणार नाही. तुम्ही शहरात, कास्त्रोला या. सगळ्या केंद्रांचं मिळून एक भांडार आहे, त्याचे प्रमुख तुम्ही. दोन खोल्यांचा फ्लॅट. पाण्यात पाय घालायचा नाही. टेबल असेल, खुर्ची असेल."

ओनोफ्रेच्या मानेवर लाली चढली. एकसष्टाव्या वर्षी त्याला कोणी पहिल्यांदा टेबल देत होतं.

"आणि घर आम्हीच घेऊन गेलो तर?" मी विचारलं.

"घेऊन?" इंजिनियर हसला. "खिशात घालून?"

"ओढून. वर, मुलीच्या शेजारी."

तो ओनोफ्रेकडे बघायला लागला. ओनोफ्रे पेल्यात बघत होता.

"वहिनी, घराशिवाय ही दरड घेऊन कंपनी काय करणार? जागा, घर, नोकरी, सगळं एकत्र आहे. महिनाअखेर सांगा."

तो गेल्यावर ओनोफ्रेने चुलीत दोन लाकडं सारली. "मुलीच्या शेजारी म्हणे," एवढंच बोलला.

आमची मुलगी ग्रिसेल्दा वरच्या टेकडीवर राहते. तिचा नवरा एलादिओ, टेकडी त्याच्या बापाची. एलादिओ पिंजऱ्यांवर पाणबुड्या होता. दोन वर्षांपूर्वी एका पिंजऱ्यात मासे मेले, जाळं तळाला बसलं. ओनोफ्रेने त्याला एकाच दिवशी तीन वेळा खाली पाठवलं. तिसऱ्यांदा तो वर आला आणि बोटीच्या कडेवर बसला तो बसलाच. रक्तात हवा भरली, डॉक्टर म्हणाले. कमरेखाली जीव राहिला नाही. ओनोफ्रे दवाखान्यात गेला होता, दारापर्यंत. तिथून परत आला. टेकडीवर तर तो दोन वर्षांत एकदाही चढला नव्हता. मी आठवड्यातून दोनदा जायचे, त्याला सांगून. तो कधी विचारायचा नाही, कसे आहेत म्हणून.

फ्लॅट बघायला आम्ही कास्त्रोला गेलो. तिसरा मजला. भिंती पांढऱ्या, न्हाणीघरात गरम पाणी. मी नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरून उभी राहिले. खोटं का बोलू, माझ्या सांध्यांना ते पाणी फार बरं वाटलं. ओनोफ्रे खिडकीशी गेला. खिडकी वरून फक्त तिरकी उघडत होती, समोर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू.

"चूल कुठे ठेवायची?" मी म्हटलं.

"गॅस आहे ना."

"मग बसायचं कुठे?"

आमच्याकडे माणसं चुलीभोवती बसतात. चूल नसेल तर आलेल्या माणसाला काय सांगायचं, भिंतीकडे बस?

जिन्यात एक बाई भेटली. मी "दिवस चांगला जावो" म्हटलं. तिने किल्ल्या शोधल्या.

परतीच्या बोटीत ओनोफ्रे म्हणाला, "गरम पाणी चांगलं होतं."

"चांगलं होतं."

"तुझे हात सुजतात."

"सुजतात."

"मग?"

"तू जा," मी म्हटलं. "मी सुजलेले हात घेऊन ग्रिसेल्दाकडे राहीन. तिच्या एका खोलीत तिसरी."

मी चिडून बोलले नव्हते. थकले होते. बेट येईपर्यंत पाऊस लागला.

ओहोटी होती. धक्क्याच्या पलीकडे किनाऱ्यावर एक बाई वाकून समुद्रशेवाळ गोळा करत होती. बटाटे लावायचे दिवस जवळ आले की सगळे ते शेतात घालतात, पण बाकीच्यांकडे बैल असतात, घसरगाडी असते. ही एकटी टोपलीत भरत होती. टोपलीचा पट्टा कपाळाला. ती आमची मुलगी होती. तिने आम्हाला पाहिलं नाही. टोपली पाठीवर घेऊन उठायला गेली, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, मग नुसतीच बसून राहिली.

मी धावले म्हणायला हवं, पण माझ्याने धाववत नाही. ओनोफ्रे माझ्या पुढे गेला. त्याने टोपली उचलली, पट्टा स्वतःच्या कपाळावर घेतला. शहरात जायचं म्हणून घातलेला सदरा, कंपनीचं जाकीट, आणि पाठीवरून खारं पाणी गळतंय.

"बाबा, ठेवा ते," ग्रिसेल्दा म्हणाली.

"कुठे टाकायचं?"

"मी नेते."

"कुठे टाकायचं ते सांग."

ती माझ्याकडे बघायला लागली. मग टेकडीकडे वळली आणि चालायला लागली. तो मागून. मी शेवटी. वाट लाल चिखलाची, मध्ये एक ओहोळ. ओहोळाशी ओनोफ्रे थांबला, मला वाटलं आता ओझं उतरवून परत फिरेल. पण त्याने फक्त दम खाल्ला.

एलादिओ घराबाहेर पडवीत होता. कमरेला दोरी घालून त्याने स्वतःला खांबाला बांधून घेतलं होतं आणि बसल्या बसल्या कुऱ्हाडीने ढलप्या काढत होता. दोरी नसेल तर घाव घालताना तो कलंडतो. ओनोफ्रेने शेवाळ वाफ्यात ओतलं आणि रिकामी टोपली धरून उभा राहिला.

"मामा," एलादिओ म्हणाला. "वाट सापडली म्हणायची."

"सापडली."

"बसा. मला उठून खुर्ची देता येत नाही."

ग्रिसेल्दा आत निघून गेली. चुलीवर किटली आदळल्याचा आवाज आला. ओनोफ्रे ओंडक्यावर बसला. एलादिओने दोन ढलप्या काढल्या.

"त्या दिवशी मी तिसऱ्यांदा नाही जात म्हटलं असतं तर?" त्याने विचारलं. आवाज साधा होता, हवापाण्याचं बोलावं तसा.

"दुसऱ्याला पाठवलं असतं."

"कोणाला?"

"रेमिहिओला."

"म्हणजे आज रेमिहिओ इथे बांधलेला असता."

"हो."

"तुम्ही खोटं बोलत नाही हे एक बरं आहे," एलादिओ म्हणाला. "लाकडं फोडता येतात अजून, का तेही मुकादमाने विसरायचं असतं?"

ओनोफ्रेने जाकीट काढलं आणि कुऱ्हाड घेतली. ढीग संपेपर्यंत थांबला नाही. मी आणि ग्रिसेल्दा खिडकीतून बघत होतो. "आई, तू ये राहायला," ती हळू म्हणाली. "बाबांचं मला काही सांगता येत नाही. ह्याने हो म्हटलं तर." मी म्हटलं, "त्यांचं त्यांना बघू दे."

उतरताना ओहोळाशी ओनोफ्रे पुन्हा थांबला. वर बघितलं, खाली आमच्या घराकडे बघितलं.

"घराला बैलांच्या किती जोड्या लागतील?" तो म्हणाला.

"आठ तरी," मी म्हटलं.

"ओल आहे. आठात होईल न होईल."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर गेला, एलादिओकडे जागा मागायला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "बटाट्याच्या वाफ्यापलीकडे, कुंपणापाशी. घराची पाठ त्यांच्या घराकडे करून. हे त्याचंच म्हणणं आहे." मग कंपनीत जाऊन नाही सांगून आला. इंजिनियरने वाद घातला नाही, फक्त जाकीट आणि पांढरे बूट जमा करायला सांगितले. सप्टेंबरच्या पावसात ओनोफ्रे उघड्या होडीतून नुसत्या लोकरी बंडीवर घरी आला, पायात कोणाच्या तरी जुन्या चपला. पोहोचला तेव्हा दात वाजत होते. मी त्याला चुलीशी बसवलं, पाय परातीत गरम पाण्यात ठेवले.

"कास्त्रोच्या भांडारातलं टेबल फार छोटं होतं," तो म्हणाला. "मी बघून आलो होतो."

आता माणसं बोलवायची होती. घर ओढायचं तर मिंगा लागते. एकाचं घर, गावाचे बैल. पैसे कोणी घेत नाही. ज्याच्या घराला तुम्ही खांदा दिलात तो तुमच्या घराला देतो. घरधन्याने दारोदार जायचं, डोकं उघडं करायचं आणि ठरलेल्या शब्दांत मागायचं. बारा वर्षांत गावात नऊ घरं ओढली गेली होती. ओनोफ्रे एकालाही गेला नव्हता. सहा वर्षांपूर्वी कासिमिरो नाउएल्किनचं घर होतं तेव्हा त्याने कंपनीचा ट्रॅक्टर पाठवला होता, ड्रायव्हरसकट. त्याला वाटलं होतं, ही मोठीच मदत झाली.

"आधी कासिमिरोकडे," मी म्हटलं. "तो आला तर बाकीचे येतील."

"तो येणार नाही."

"म्हणून आधी."

कासिमिरो घरात होता. आम्ही दारात उभे राहिलो, पागोळ्या मानेवर पडत होत्या. आत या असं कोणी म्हणालं नाही. त्याची बायको रुदेसिंदा माझी लहानपणची मैत्रीण, ती चुलीशी पाठमोरी बटाटे किसत राहिली. ओनोफ्रेने टोपी काढली.

"अरे वा," कासिमिरो म्हणाला. "टक्कल पडलंय की तुला. टोपीखाली कळलं नव्हतं."

ओनोफ्रेने टोपी छातीशी धरली. "कासिमिरो नाउएल्किन, देवाच्या नावाने आणि शेजाराच्या नावाने मागणं घेऊन आलोय. माझं घर ओढायचंय. तुमचा हात द्या, तुमचे बैल द्या. माझ्या चुलीवर जे असेल ते तुमचं."

"शब्द पाठ आहेत. मला वाटलं होतं कागदावरून वाचशील."

कासिमिरो दाराशी आला.

"मी तुझ्या दारात हेच शब्द बोललो होतो. पावसात. काय मागितलं होतं मी?"

"मला."

"आणि काय पाठवलंस?"

"ट्रॅक्टर."

"बैल ओढतात तेव्हा घर अंग सावरून घेतं. त्या यंत्राने एक हिसका दिला आणि माझा कोपऱ्याचा खांब उभा चिरला. तेव्हापासून हे दार लागत नाही. बघ, लाव."

ओनोफ्रेने दार ओढलं. ते चौकटीवर एक वीत आधी अडलं. त्याने खांदा लावला. दार हललं नाही.

"सहा हिवाळे," कासिमिरो म्हणाला. "त्या खिळ्याला दोरी आहे. जाताना बाहेरून बांधून जा. वारा येतोय."

हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ओनोफ्रेने दोरी दोन वेळा फिरवली, गाठ मारली. बोटं थंडीने वळत नव्हती, वेळ लागला. फटीतून रुदेसिंदाने माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. म्हणजे, मी काय करू.

दोन दिवसांत आम्ही बावीस दारं केली. कोणी बैल आजारी सांगितला, कोणी नांगरट तोंडावर आहे म्हणालं, ते खरंही होतं. एका म्हातारीने ओनोफ्रेला मुद्दाम पुन्हा सगळे शब्द म्हणायला लावले, ऐकू आलं नाही म्हणून. रेमिहिओ, जो तिसऱ्यांदा पाण्यात गेला असता, तो मात्र शब्द पुरे व्हायच्या आतच हो म्हणाला.

मग घर मोकळं करायचं काम. खिडक्यांच्या काचा काढून घोंगड्यांत गुंडाळल्या. चुलीचं धुराडं उतरवलं, चूल चौघांनी बाहेर नेली. भिंती वाकू नयेत म्हणून आत आडवे तिडवे वासे ठोकले, दारावरही दोन. तरफा लावून घर इंच इंच उचललं आणि खाली दोन लांब ओंडके सरकवले, होडीच्या नाकासारखी टोकं तासलेले. ओनोफ्रे चिखलात पाठीवर पडून काम करत होता. घराखालून त्याचे फक्त पाय दिसायचे. मी वरून विचारायचे, "आहेस का?" तो म्हणायचा, "आहे."

शनिवारी सकाळी पाच जोड्या आल्या.

आम्ही आठ जोड्यांच्या हिशेबाने जेवण केलं होतं. डुकराची चरबी घातलेल्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या, म्हणजे मिल्काओ, शिंपल्यांचा रस्सा, सफरचंदाची दारू. मी ते झाकून ठेवलं, जास्त दिसू नये म्हणून. कासिमिरो आला, पण बैलांशिवाय. कुंपणाच्या वरच्या बांबूवर बसला आणि विडी वळायला लागला. रुदेसिंदा मात्र किसणी घेऊन सरळ माझ्याकडे आली. "त्याने मला येऊ नको म्हटलं नाही," ती म्हणाली. "ये असंही म्हटलं नाही. म्हणून आले."

साखळदंड लावले. रेमिहिओ पुढे उभा राहून आरोळी द्यायला लागला. पहिल्या आरोळीला घर नुसतं कण्हलं. दुसरीला ओंडके चिखलातून सुटले आणि घर चाललं. मी चाळीस वर्षं ज्या भिंतींत झोपले त्या माझ्या समोरून चालत गेल्या. मागे चौकोनी काळी माती उघडी पडली, त्यात एक चमचा आणि बरीच उंदरांची बिळं.

कुरणातून बरं गेलं. दुपारी ओहोळ आला, आणि तिथे घर बसलं. डावा ओंडका खाली रुतला, घर समुद्राकडे कललं. माणसांनी पराण्या टोचल्या, शिव्या दिल्या. एक बैल गुडघ्यांवर आला, नाकातून रक्त. ओनोफ्रे खांद्याने भिंत रेटत होता, जसं काही त्याच्याने ती हलणार होती. पाऊस वाढला. चौथ्या प्रयत्नानंतर रेमिहिओची आरोळी फाटली आणि सगळे उभे राहिले. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. वर टेकडीवर पडवीत एलादिओ खांबाला बांधलेला, ग्रिसेल्दा त्याच्या शेजारी. ते सगळं बघत होते.

"सोडा," ओनोफ्रे म्हणाला. "बैल मरतील. जेवून घ्या."

"सोडा काय सोडा?" ओहोळाकाठच्या कुंपणावरून आवाज आला. कासिमिरो उतरत होता, पाठ धरून. "सकाळपासून बघतोय. पाच जोड्या आणि पाचही वेगवेगळ्या वेळी ओढताहेत. ही मिंगा आहे का ट्रॅक्टर?"

कोणीतरी हसलं.

"हसू नका. पिअरच्या झाडाचे दांडे कापा, मनगटाएवढे. ओल्या सालीचे. ओंडक्याखाली आडवे घाला, पायऱ्यांसारखे. रेमिहिओ, तू आरोळी देऊ नको, तुझा गळा गेला. आणि तू," तो ओनोफ्रेला म्हणाला, "भिंतीपासून लांब हो. घर पडलं तर पहिला तूच खाली येशील, मग मला तुझ्या मयताला यावं लागेल. त्याला मी आलो असतो, पण बैल आणले नसते."

मग रुदेसिंदाकडे वळून ओरडला, "अगं, जोडी घेऊन ये! उभी काय राहिलीस!"

ती हातांचं पीठ न पुसता पळाली.

कासिमिरोचे बैल काळे, म्हातारे, एकमेकांना ओळखून चालणारे. त्याने त्यांना सगळ्यात पुढे जुंपलं. आरोळी दिली नाही, नुसती जिभेने टकटक केली, आणि सहा जोड्यांच्या माना एकदम खाली गेल्या. घर हळूच सरळ झालं. दांड्यांची ओली साल सोलत निघाली, ओंडके तिच्यावरून सरकले. ओहोळ पार झाल्यावर कोणी जल्लोष केला नाही. दम कोणाकडे होता.

टेकडीवर पोचलो तेव्हा प्रकाश उतरला होता. वाफ्यापाशी वळायला हवं होतं, कुंपणाकडे, आणि घर फिरवून पाठ एलादिओच्या घराकडे करायची होती. पण वळणावरची जमीन मऊ होती आणि बैलांच्या फऱ्या थरथरत होत्या. घर थांबलं ते एलादिओच्या पडवीपासून बारा पावलांवर, तोंड सरळ त्याच्याकडे. आमचं दार त्याच्या दारासमोर.

"अजून चाळीस पावलं आहेत," कासिमिरो ओनोफ्रेला म्हणाला. "सोमवारी परत येऊ. आज फिरवायला गेलो तर दोन बैल जातील."

"येशील सोमवारी?"

"माझा कोपरा तू कधी दुरुस्त करतोस त्यावर आहे."

"उद्यापासून."

"मग येईन."

सगळे वाट बघत होते. ओनोफ्रे चिखलाने छातीपर्यंत माखला होता. तो पडवीकडे गेला, पायरी चढला नाही, खालीच उभा राहिला. टोपी हातात घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

"जागा तुझी आहे," तो एलादिओला म्हणाला. "तू सांगितलं होतंस तिकडे, पाठ करून. सोमवारी नेऊ."

एलादिओने आमच्या घराकडे बघितलं. खिडक्यांच्या जागी भोकं, दारावर आडवे वासे. मग बैलांकडे बघितलं, त्यांच्या अंगातून वाफ निघत होती.

"इथे राहिलं तर सकाळी दार उघडलं की मी दिसेन तुम्हाला," तो म्हणाला.

"हो."

"पहिला मीच. ह्या दोरीसकट. रोज."

"हो."

"तुम्हाला जमेल, मामा?"

ओनोफ्रेने मागे वळून आमच्या दारावरच्या वाशांकडे बघितलं. ग्रिसेल्दा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, बापाकडे बघत. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने नजर काढून घेतली नाही.

"माहीत नाही," ओनोफ्रे म्हणाला. "पण उघडेन."

एलादिओने कमरेची दोरी जरा सैल केली. "मग सोमवारी कोणाला त्रास नको," तो म्हणाला. "कासिमिरोकाका, बैल सोडा. दमलेत ते."

साखळदंड खाली पडल्याचा आवाज झाला. कोणीतरी चूल कुठे ठेवायची म्हणून मला हाक मारत होतं, रुदेसिंदा मिल्काओंवरचं फडकं काढत होती. मी ओनोफ्रेला शोधलं. तो घराच्या दाराशी होता. हातोडीचं मागचं टोक घालून आडव्या वाशाचा पहिला खिळा उपसत होता. खिळा ओल्या लाकडात घट्ट बसला होता, त्याला वेळ लागत होता.